बोर्ड काही मिनिटांनी स्वतःहून रीसेट होतो: फंक्शनल भाषेतून निघालेल्या सी कोडमध्ये हरवणारे टेल कॉल

फंक्शनल भाषेतला प्रोग्राम आधी सी मध्ये उतरवून मग छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चढवणाऱ्यांना एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते. प्रोग्राम लॅपटॉपवर दिवसभर बिनबोभाट चालतो, बोर्डवरही सुरुवातीची काही मिनिटे ठीक चालतो, आणि मग बोर्ड एकाएकी पहिल्यापासून सुरू होतो, सिरियल पोर्टवर निरर्थक अक्षरे सोडू लागतो किंवा नुसताच गोठतो. एकदा दुरुस्त केल्यावर ती तक्रार काही आठवड्यांनी वेगळ्याच बदलानंतर परत येते, आणि त्यामुळे प्रत्येक वेळी दोष नव्याने केलेल्या बदलावर टाकला जातो. एमएल या फंक्शनल भाषेच्या घराण्यातल्या माझ्या स्वतःच्या एका छोट्या भाषेच्या कंपायलरमध्ये ही तक्रार मी पाच वेळा ‘कायमची’ मिटवली. पाचही वेळा कारण वेगळे दिसले, पण खाली दुखणे एकच होते: भाषेने ज्या जागी टेल कॉलचे (फंक्शनची शेवटची कृती असलेल्या, म्हणून स्टॅकवर नवी जागा न घेता नुसत्या उडीने होऊ शकणाऱ्या कॉलचे) वचन दिले होते, त्या जागी सी कंपायलरने साधा कॉल तयार केला होता.

उदाहरण एटीमेगा३२८पी या चिपचे घेतो, कारण ती आर्डुइनो उनोवर असल्याने बहुतेकांच्या हाताशी असते आणि तिच्यावर चूक लवकर उघडी पडते. तिच्यात ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट, रॅम असते. रॅमच्या तळाशी ग्लोबल व्हेरिएबल बसतात, त्यांच्यावर हीप, म्हणजे चालू असताना मागितलेल्या मेमरीचा भाग, वर सरकतो, आणि स्टॅक, म्हणजे चालू कॉलचे परतीचे पत्ते आणि स्थानिक मूल्ये ठेवणारा भाग, वरच्या टोकापासून खाली उतरतो. दोघांमध्ये भिंत नाही आणि मेमरीचे रक्षण करणारे हार्डवेअरही नाही. स्टॅक हीपमध्ये घुसला तर कोणीही ओरडत नाही. आधी यादीतल्या एखाद्या सेलमधला आकडा बदलतो, आणि पुढे केव्हातरी एखाद्या फंक्शनचा परतीचा पत्ता बिघडून प्रोसेसर भलत्याच ठिकाणी उडी मारतो.

आधी रीसेट खरा आहे का ते पाहावे

या चिपमधल्या एमसीयूएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये रीसेटचे कारण नोंदवले जाते: वीज आली, रीसेटची पिन खाली ओढली गेली, व्होल्टेज घसरले किंवा वॉचडॉगची, म्हणजे प्रोग्राम अडकल्यास रीसेट करणाऱ्या टायमरची, मुदत संपली. प्रोग्राम सुरू होताच ते रजिस्टर वाचून, ती किंमत बाजूला ठेवून, रजिस्टर शून्य करावे. पुढच्या वेळी प्रोग्राम पहिल्यापासून सुरू झाला आणि चारही खुणा कोऱ्या निघाल्या, तर हार्डवेअरने रीसेट केलेलेच नाही. प्रोसेसर बिघडलेल्या पत्त्यामुळे शून्य पत्त्यावर येऊन पोहोचला आहे. वॉचडॉगची खूण दिसली तर तपास वेगळ्या दिशेने न्यावा लागतो, उदाहरणार्थ गार्बेज कलेक्टरचा (नको झालेली मेमरी गोळा करणाऱ्या भागाचा) एखादा लांबलेला थांबा, आणि व्होल्टेजची खूण दिसली तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावे, कंपायलरला दोष देऊ नये. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: काही बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला चालून कोड चढवणारे छोटे प्रोग्राम, हे रजिस्टर आधीच वाचून पुसतात, म्हणून ही तपासणी बूटलोडरशिवाय, थेट प्रोग्रामरने कोड चढवून करणे बरे.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे, आणि मला ती फार उशिरा सुचली. बिघाड किती वेळाने होतो हे मोजण्याऐवजी किती पावलांनी होतो हे मोजावे. माझा प्रोग्राम एक साधे स्टेट मशीन होता: ‘थांबलेला’, ‘मोजणारा’ आणि ‘पाठवणारा’ अशी तीन फंक्शन एकमेकांना शेवटच्या ओळीत बोलावत होती. सेन्सर वाचण्याचा वेग दुप्पट केला की बिघाडाचा वेळ निम्मा होई, पण स्टेट बदलण्याची संख्या जवळपास तीच राही. वेळेशी नव्हे तर पावलांशी बांधलेला बिघाड म्हणजे प्रत्येक पावलाला काहीतरी ठराविक गळते आहे.

हिशेब कागदावर मांडून पाहावा. प्रत्येक स्टेट बदलताना परतीच्या पत्त्याचे २ बाइट आणि जपून ठेवलेल्या रजिस्टरांचे ६ बाइट स्टॅकवर राहिले, तर पावलामागे ८ बाइट जातात. हीप आणि स्टॅक यांच्यामध्ये १४०० बाइट मोकळे असतील तर १७५ पावलांत ते संपतात, आणि दर ५ सेकंदांनी एक पाऊल पडत असेल तर साधारण साडेचौदा मिनिटांत बोर्ड कोसळतो. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सर्वसाधारणपणे ८ मेगाबाइट स्टॅक मिळतो. पावलामागे ४८ बाइट गेले तरी तो संपायला पावणेदोन लाखांच्या आसपास पावले, म्हणजे याच वेगाने दहा दिवस लागतील. लॅपटॉपवरची चाचणी दहा दिवस कोणी चालू ठेवत नाही, म्हणून ती ‘उत्तीर्ण’ होते.

तिसरी तपासणी स्टॅक रंगवण्याची. मुख्य फंक्शन सुरू होण्यापूर्वी मोकळी रॅम एका ठरलेल्या बाइटने, समजा १९७ या किमतीने, भरून टाकावी आणि नंतर तळाकडून मोजत तो रंग कुठपर्यंत शाबूत आहे ते पाहावे. शंभर पावलांनंतरची खूण आणि हजार पावलांनंतरची खूण सारखी असेल तर स्टॅक गळत नाही. सरकली असेल तर पुढचा भाग आपल्यासाठी आहे.

डिसअसेंब्लीत काय शोधावे

एव्हीआरसाठी, म्हणजे एटीमेगा ज्या मालिकेतली आहे तिच्यासाठी, तयार झालेला मशीन कोड सूचनांच्या नावांत उलटवून (डिसअसेंब्ली) पाहिला की कॉल आणि उडी यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. फंक्शनच्या शेवटी ‘आरकॉल’ किंवा ‘कॉल’ ही सूचना आणि तिच्यामागे काही ‘पॉप’ व शेवटी ‘रेट’ दिसले, तर तो साधा कॉल आहे आणि स्टॅकवर परतीचा पत्ता राहणार. त्याच जागी ‘आरजेएमपी’ किंवा ‘जेएमपी’ दिसले तर टेल कॉल जपला गेला आहे. क्लोजरमार्फत (फंक्शन आणि त्याने पकडलेली मूल्ये यांच्या जोडीमार्फत) होणाऱ्या अप्रत्यक्ष कॉलसाठी हीच जोडी ‘आयकॉल’ आणि ‘आयजेएमपी’ अशी असते. जीसीसी या सी कंपायलरचा ‘-एफस्टॅक-युसेज’ हा पर्याय प्रत्येक फंक्शनच्या फ्रेमचा, म्हणजे स्टॅकवरच्या त्याच्या तुकड्याचा, आकार वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतो, आणि तो उपयोगी आहेच, परंतु तो एका फ्रेमची जाडी सांगतो, फ्रेम किती वेळा रचली जाईल ते सांगत नाही. रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःला थेट किंवा फिरून बोलावण्याच्या) तक्रारीत आपल्याला दुसरे हवे असते.

आता कारणे. पाचही कारणे मला ज्या क्रमाने भेटली त्याच क्रमाने लिहितो, कारण प्रत्येकाने आधीच्या दुरुस्तीवरचा माझा विश्वास कसा मोडला हेही त्यातून कळते.

पहिले कारण अगदी बाळबोध होते. जीसीसीमध्ये टेल कॉलचे उडीत रूपांतर करणारा ‘-एफऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स’ हा टप्पा ऑप्टिमायझेशनच्या ओ२, ओ३ आणि ओएस या पातळ्यांवर चालू असतो. ओ०, ओ१ आणि डीबगसाठीच्या ओजी या पातळ्यांवर तो चालू नसतो. मी दोष शोधण्यासाठी डीबग बिल्ड करत होतो आणि शोधण्याच्या त्या कृतीनेच दोष वाढवत होतो. बिल्ड फाइलमध्ये तो पर्याय उघडपणे लिहिला आणि प्रश्न सुटला असे समजून पुढे गेलो.

दुसरे कारण भाषेच्या रनटाइममधून आले. माझी भाषा मेमरीसाठी रेफरन्स काउंटिंग, म्हणजे प्रत्येक मूल्य किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी (काउंट), वापरते. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या शेवटी, त्या फंक्शनला मिळालेल्या मूल्यांचे काउंट कमी करणारा कोड घालत असे. मूळ भाषेत ‘पाठवणारा’ फंक्शनचा शेवटचा शब्द ‘थांबलेला’ला बोलावणे हाच होता, पण तयार झालेल्या सी कोडमध्ये त्या कॉलनंतर दोन काउंट कमी करायचे राहिले होते. परतल्यावर काम शिल्लक असेल तर तो टेल कॉल नाहीच, आणि सी कंपायलरने तो तसा मानला नाही यात त्याची काहीही चूक नाही. यावरचा उपाय मालकीचा नियम बदलणे हा आहे: फंक्शनला दिलेले मूल्य हे त्या फंक्शनच्या मालकीचे व्हावे, आणि ते सोडण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची न राहता बोलावलेल्याची असावी. कोका या भाषेतील परसियस पद्धत, जिच्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला, याच नियमावर उभी आहे. लीन ४ या भाषेत काही पॅरामीटर उसने मानून काउंटची ये-जा वाचवली जाते, परंतु उसने दिल्यामुळे टेल कॉल मोडणार असेल तर ती भाषा तो पॅरामीटर मुद्दाम मालकीचा ठरवते. उसनवारीचे हे ऑप्टिमायझेशन स्वतःच्या कंपायलरमध्ये घालणाऱ्यांनी हा अपवाद विसरू नये. मी विसरलो होतो, आणि तक्रार त्या वाटेनेही एकदा परत येऊन गेली.

याचेच भावंड गार्बेज कलेक्टर वापरणाऱ्यांना भेटते. जिवंत पॉइंटर कलेक्टरला सापडावेत म्हणून प्रत्येक फंक्शनमध्ये एक छोटा स्थानिक ॲरे ठेवून त्याचा पत्ता एका ग्लोबल साखळीत ओवण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता असा बाहेर गेला की बोलावलेले फंक्शन त्याला हात लावू शकते, आणि मग जीसीसी ती फ्रेम कॉलपूर्वी मोडू शकत नाही. अशा वेळी मूळ पॉइंटरांसाठी एकच ग्लोबल ॲरे आणि एक इंडेक्स ठेवावा, टेल कॉलपूर्वीच इंडेक्स मागे घ्यावा, आणि मिळालेल्या अर्ग्युमेंटांची नोंद बोलावलेल्या फंक्शनने स्वतः करावी.

तिसऱ्या कारणाने मला खरोखर चकवले. सर्व स्वच्छता कॉलपूर्वी होत होती, ओएस पातळी चालू होती, तरीही एकाच फंक्शनचा टेल कॉल ‘आरकॉल’ म्हणून उतरत होता, आणि त्याच्या शेजारचे, जवळजवळ तसेच दिसणारे फंक्शन मात्र ‘आरजेएमपी’ देत होते. फरक अर्ग्युमेंटांच्या संख्येत होता. एव्हीआर जीसीसीच्या ठरलेल्या पद्धतीत अर्ग्युमेंट आर२५ पासून खाली आर८ पर्यंतच्या रजिस्टरांतून जातात, आणि प्रत्येकाला सम संख्येने रजिस्टर मिळतात. पहिली चार १६ बिटी अर्ग्युमेंट आर२५ ते आर१८ मध्ये मावतात. पाचवे आर१७ आणि आर१६ मध्ये जाते. पण आर२ ते आर१७ ही रजिस्टरे बोलावलेल्या फंक्शनने जशीच्या तशी परत करायची असतात. म्हणजे ‘पाठवणारा’ने पाचवे अर्ग्युमेंट तिथे ठेवायचे तर स्वतःच्या बोलावणाऱ्याची जुनी किंमत उडी मारण्यापूर्वी परत ठेवावी लागेल, आणि मग अर्ग्युमेंट पुसले जाईल. दोन्ही एकाच वेळी शक्य नसल्याने जीसीसीचा एव्हीआरसाठी कोड तयार करणारा भाग (बॅकएंड) अशा जागी टेल कॉल नाकारतो, आणि तेही कोणतीही सूचना न देता.

फंक्शनल भाषांत ही मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर गाठली जाते. भाषेत चार अर्ग्युमेंट दिसत असतात, पण क्लोजरमध्ये पकडलेल्या मूल्यांचा पॉइंटर कंपायलर गुपचूप पाचवा म्हणून जोडतो. ३२ बिटी आकडे असतील तर दोनच अर्ग्युमेंटांत आठ रजिस्टर संपतात आणि तिसऱ्यालाच अडचण येते. फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल तर बहुतेक वेळा जीसीसी त्याचे आधीच्या टप्प्यात लूप करून टाकतो, म्हणून साध्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही. परस्पर रिकर्शनमध्ये तो उघडा पडतो.

चौथ्या वेळी मी स्वतःच्या हाताने खड्डा खणला. प्रोग्राम फ्लॅशमध्ये मावेना, म्हणून ‘-एमकॉल-प्रोलॉग्ज’ हा पर्याय लावला. त्याने फंक्शनच्या सुरुवातीचे आणि शेवटचे रजिस्टर जपण्याचे काम एका सामायिक तुकड्याकडे जाते आणि कोड लहान होतो. कोड लहान झाला, आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा जुन्या सवयीने रीसेट होऊ लागला. तो सामायिक तुकडाच शेवटी परतीची सूचना चालवतो; त्यामुळे हा पर्याय लावल्यावर एव्हीआर जीसीसी टेल कॉलचे रूपांतर सरसकट बंद ठेवते. एखाद्या फंक्शनमध्ये तो तुकडा प्रत्यक्षात वापरला जाणार आहे की नाही हे त्या टप्प्यावर कळत नसल्याने सावधगिरी म्हणून सगळीकडेच बंद.

पाचव्या कारणाचा टेल कॉलशी संबंध थोडा आडवळणाचा आहे. या वेळी बोर्ड पावलांच्या ठराविक संख्येवर पडत नव्हता. मोजलेल्या किमतींची यादी लांबली आणि नंतर टाकून दिली की लगेच पडे. यादीचा पहिला सेल सोडताना रनटाइम त्याच्या शेपटीचा काउंट कमी करतो, तो शून्य झाला की तिचा पहिला सेल सोडतो, तो पुन्हा आपल्या शेपटीकडे जातो. २०० सेलची यादी सोडताना फ्रेममागे ६ बाइट धरले तरी १२०० बाइट स्टॅक लागतो. प्रोग्राममध्ये कुठेही रिकर्शन नसले तरी रनटाइमच्या पोटात ते दडलेले असते. यादीपुरता उपाय सोपा आहे: शेपटीचा पॉइंटर आधी वाचून घ्यावा, सेल मोकळा करावा आणि लूपने शेपटीकडे जावे. झाडासारख्या रचनेला दोन फांद्या असल्याने एवढे पुरत नाही. तिथे मेलेला सेल मुलांना हात न लावता मोकळ्या सेलांच्या साखळीत टाकावा. काउंट शून्य झालेला असल्याने त्याच्या हेडरची जागा साखळीच्या पॉइंटरसाठी वापरता येते. पुढे केव्हातरी नवीन सेलसाठी तोच सेल उचलला गेला की त्या वेळी त्याच्या मुलांचे काउंट कमी करावेत. असे केल्याने प्रत्येक वाटपामागचे काम मर्यादित राहते आणि स्टॅक मुळीच वाढत नाही. ही युक्ती नवी नाही. जोसेफ वाय्झेनबाउम यांच्या १९६३ सालच्या स्लिप या यादीप्रक्रिया पद्धतीत ती होती. तिची किंमत एवढीच की एखाद्या मूल्याशी पिन किंवा बफर बांधलेला असेल तर तो केव्हा मोकळा होईल हे सांगता येत नाही, म्हणून अशी साधने काउंटवर सोडू नयेत.

दुरुस्ती सी कंपायलरवर न सोडता स्वतःच्या कंपायलरमध्ये

चौथ्या अनुभवानंतर मी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते तोच या तक्रारीवरचा खरा इलाज आहे. सी भाषेचे मानक टेल कॉलबद्दल काहीही वचन देत नाही. जीसीसी देते ती सवलत आहे. आपली भाषा वचन देत असेल तर तयार होणाऱ्या सी कोडमध्ये त्या जागी फंक्शन कॉल असताच कामा नये.

त्यासाठी आधी कॉलचा आलेख काढून, एकमेकांना टेल कॉलने गाठू शकणाऱ्या फंक्शनांचे गट पाडावेत. टार्जन यांचा सशक्त जोडलेले घटक शोधणारा अल्गोरिदम यासाठी पुरेसा आहे. प्रत्येक गटाचे एकच सी फंक्शन करावे, गटातल्या प्रत्येक मूळ फंक्शनला त्यात एक लेबल द्यावे आणि टेल कॉलच्या जागी अर्ग्युमेंटांची नेमणूक करून ‘गोटू’ लिहावे. माझ्या स्टेट मशीनची तीन फंक्शन अशी एकाच सी फंक्शनमध्ये आली, आणि मग ऑप्टिमायझेशनची पातळी, अर्ग्युमेंटांची संख्या किंवा ‘-एमकॉल-प्रोलॉग्ज’ यांपैकी कशानेही फरक पडेनासा झाला.

नेमणूक करताना एक जुनी चूक टाळावी. अर्ग्युमेंट एकाच वेळी बदलल्यासारखे वागले पाहिजेत. महत्तम साधारण विभाजक काढणाऱ्या फंक्शनमध्ये पहिल्याची जागा दुसरा घेतो आणि दुसऱ्याची जागा भागाकाराची बाकी घेते. हे ओळीने लिहिले तर पहिल्याची नवी किंमत वापरून बाकी काढली जाते, ती शून्य येते, आणि ४८ व १८ यांचे उत्तर ६ ऐवजी १८ मिळते. तात्पुरत्या व्हेरिएबलांत आधी सर्व किमती काढून मग त्या नेमाव्यात. अनावश्यक तात्पुरती व्हेरिएबले जीसीसी स्वतः काढून टाकते.

क्लोजरमार्फत होणारे कॉल या गटांत बसत नाहीत, कारण कोणते फंक्शन येणार हे आधी माहीत नसते. संपूर्ण प्रोग्राम एकत्र कंपाइल होत असेल, आणि एवढ्या छोट्या चिपसाठी तो तसाच व्हावा, तर डीफंक्शनलायझेशन करावे: प्रत्येक लॅम्ब्डाला (निनावी फंक्शनला) एक क्रमांक द्यावा, क्लोजर म्हणजे तो क्रमांक आणि पकडलेली मूल्ये, आणि क्लोजर बोलावणे म्हणजे त्या क्रमांकावरचा ‘स्विच’. जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये मांडलेले हे रूपांतर मायक्रोकंट्रोलरसाठी फार सोयीचे आहे, कारण फंक्शन पॉइंटर नाहीसे होतात आणि जो कॉल अज्ञात होता तो वरच्याच गटांत येऊन बसतो.

हे करायचे नसेल तर ट्रॅम्पोलिन उरते. प्रत्येक फंक्शन पुढच्या फंक्शनचा क्रमांक परत देते, अर्ग्युमेंट ग्लोबल जागेत ठेवते, आणि बाहेरचा एक लूप पुढचे फंक्शन चालवतो. त्यावर संथपणाचा आरोप होतो. पण प्रत्येक उडीला ४० सायकल जादा लागल्या असे धरले तरी १६ मेगाहर्ट्झवर तो खर्च अडीच मायक्रोसेकंद होतो, आणि दर काही मिलिसेकंदांनी सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रामला तो जाणवतही नाही. सिग्नल प्रक्रियेच्या आतल्या लूपमध्ये मात्र ट्रॅम्पोलिन ठेवू नये.

गट एकत्र करण्याचीही किंमत आहे आणि ती लपवणे योग्य नाही. एकत्र केलेल्या फंक्शनची फ्रेम गटातल्या सर्वांत लोभी सभासदाइतकी, कधीकधी सर्वांच्या बेरजेइतकी मोठी होते. त्या गटातून बाहेर साधा, न-टेल कॉल होत असेल तर ती पूर्ण फ्रेम तेवढा वेळ अडून राहते. म्हणून प्रत्येक लेबलखालची व्हेरिएबले स्वतंत्र कंसात घोषित करावीत, म्हणजे जीसीसी त्यांची जागा वाटून वापरू शकते. मोठा स्थानिक बफर अशा गटात कधीही ठेवू नये.

क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरमध्ये २०२१ पासून आणि जीसीसीमध्ये २०२५ च्या १५व्या आवृत्तीपासून ‘मस्टटेल’ हे ॲट्रिब्यूट उपलब्ध आहे. ते लावलेल्या कॉलचे रूपांतर जमले नाही तर कंपायलर गप्प न बसता त्रुटी देतो. ज्यांना गट करायचे नाहीत त्यांनी निदान ते लावावे. तिसऱ्या कारणासाठी वाया गेलेले माझे चार दिवस अशा एका त्रुटीने वाचले असते.

स्कीम भाषा सी मध्ये उतरवणाऱ्या चिकन स्कीम या कंपायलरचा रस्ता याच्या नेमका उलटा आहे, आणि तो इथे का चालत नाही हे अनेकदा विचारले जाते. त्यात फंक्शन कधी परततच नाहीत. स्टॅक भरू दिला जातो, आणि मर्यादा आली की जिवंत मूल्ये हीपमध्ये नकलून स्टॅक एकदम रिकामा केला जातो. हेन्री बेकर यांची ही कल्पना सुंदर आहे, परंतु नक्कल करायला हीपमध्ये जागा हवी आणि भरू द्यायला स्टॅक हवा. २ किलोबाइटमध्ये दोन्ही चैनी परवडत नाहीत.

लक्षण तेच, पण कारण वेगळे

स्टॅकची खूण स्थिर असेल आणि तरीही बोर्ड कोसळत असेल, तर चार ठिकाणी पाहावे. एव्हीआरवर स्थिर मजकूर आणि कन्स्ट्रक्टरांचे तक्ते ‘कॉन्स्ट’ लिहूनही रॅममध्येच नकलले जातात, कारण या चिपमध्ये फ्लॅशचा पत्ताविस्तार वेगळा आहे. ते ‘प्रोगमेम’ने फ्लॅशमध्ये ठेवावे लागतात, आणि मग ते वाचणारा कोडही वेगळा लागतो.

पॉइंटरच्या शेवटच्या बिटमध्ये ‘हा आकडा आहे’ अशी खूण ठेवण्याची पद्धत लॅपटॉपवर बिनधोक आहे. पण एव्हीआरवर कोणत्याही प्रकाराला सम पत्त्याची सक्ती नाही आणि मॅलॉक विषम पत्ताही देऊ शकतो. फंक्शन पॉइंटर तिथे शब्दांच्या मापाने मोजले जातात, म्हणून तेही विषम असू शकतात. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलर मालिकेत तर फंक्शन पॉइंटरचा शेवटचा बिट थंब या सूचनासंचाची स्थिती दाखवण्यासाठी नेहमी १ असतो, आणि रनटाइम प्रत्येक फंक्शनला आकडा समजून बसतो. सेलांचा पूल स्वतःच सम पत्त्यावर मांडून आणि फंक्शनांसाठी क्रमांक वापरून दोन्ही प्रश्न संपतात.

एव्हीआरवर ‘इंट’ १६ बिटी असतो, तेव्हा तयार होणाऱ्या सी कोडमध्ये ‘इंट’ हा शब्द येऊच नये, रुंदी सांगणारे प्रकारच यावेत. आणि इंटरप्टच्या हँडलरमध्ये भाषेचे कोणतेही मूल्य निर्माण करू नये किंवा त्याचा काउंट बदलू नये. काउंट वाढवणे म्हणजे वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशा वेगळ्या सूचना असतात आणि त्यांच्या मधोमध इंटरप्ट आला की एक वाढ हरवते. हँडलरने कच्चा बाइट गोल बफरमध्ये टाकून परतावे.

कॉर्टेक्स-एमवर काम करणाऱ्यांना एक सवलत आहे. लिंकर स्क्रिप्टमध्ये स्टॅक रॅमच्या तळाशी आणि डेटा त्याच्यावर ठेवला, तर ओसंडलेला स्टॅक डेटात न शिरता रॅमच्या बाहेर पडतो आणि त्याच क्षणी हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरने स्वतः पकडलेली त्रुटी, येतो. चुकीच्या आकड्यांपेक्षा जागच्या जागी पडणे केव्हाही बरे.

माझ्या कंपायलरमध्ये आता गट करून झाल्यावर कॉलच्या आलेखात उरलेले प्रत्येक चक्र छापले जाते. उरतात ती फक्त न-टेल रिकर्शनची चक्रे, उदाहरणार्थ झाडावरून फिरणारी फंक्शन, आणि त्या प्रत्येकावर खोलीची कमाल मर्यादा प्रोग्राम लिहिणाऱ्याने मूळ कोडमध्ये लिहावी लागते, नाहीतर कंपायलर पुढे जात नाही. शिवाय प्रत्येक बिल्डनंतर तयार झालेला कोड सिमएव्हीआर या सिम्युलेटरवर खोट्या सेन्सरसह १०० आणि १०,००० पावले चालवला जातो आणि रंगवलेल्या स्टॅकच्या दोन्ही खुणा ताडून पाहिल्या जातात. त्या एका बाइटनेही वेगळ्या निघाल्या तर बिल्ड तिथेच अडते, आणि कोणता पर्याय नव्याने लावला होता हे आठवण्यासाठी बोर्डसमोर साडेचौदा मिनिटे बसून राहावे लागत नाही.